पापनिवेदनानंतर उरलेलं काम: रोजचं आत्मपरीक्षण आणि भरपाई

पापनिवेदन, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली, झालं की फादर प्रायश्चित्त म्हणून बहुधा दोन-चार प्रार्थना सांगतात. त्या देवळाबाहेर पडायच्या आत म्हणून होतात. पण शेजाऱ्याच्या जागेत हातभर सरकवलेला बांध तसाच राहतो, बहिणीकडून घाईत सही करून घेतलेलं हक्कसोडपत्र कपाटात तसंच असतं, आणि ज्या सुनेबद्दल गावभर सांगितलं तिचं नाव काही धुऊन निघत नाही. दहा आज्ञा आपल्याला पहिल्या कम्युनियनच्या (ख्रिस्तशरीर पहिल्यांदा स्वीकारण्याच्या) वर्गापासून पाठ आहेत. क्षमा मिळाली की विषय संपला, असं धरून चालतो, तिथे आपलं अडतं.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मसभेच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथाच्या, १४५९व्या परिच्छेदात हे स्पष्ट सांगितलं आहे. पापमुक्तीने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप भरून येत नाही. चोरलेलं परत करायचं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव सावरायचं, कुणाला इजा केली असेल तर भरपाई द्यायची. एवढं तर साधा न्यायच मागतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा भरपाईला दिली आहे. त्याआधी तपासणी आणि पापनिवेदन, कारण नेमकं काय बिघडलं ते सापडलं नाही तर भरपाई कशाची करायची हेच कळत नाही.

रात्रीची दहा मिनिटं

संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे घालून दिले आहेत, आणि साडेचारशेहून अधिक वर्षांत त्याहून सोपी पद्धत कुणी दिलेली नाही असं आमचं मत आहे. घरात संध्याकाळी रोजरी (जपमाळेची प्रार्थना) होत असेल तर ती संपल्यावर तिथेच बसून राहायचं. अंथरुणात पडून करायचं नाही. तिसऱ्या टप्प्यापर्यंत झोप लागते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

पहिली दोन मिनिटं आभार. ‘सगळ्याबद्दल आभार’ असं ढोबळ नको, आजच्या दिवसातल्या तीन नेमक्या गोष्टी आठवायच्या. मग एक मिनिट प्रकाश मागायचा, म्हणजे स्वतःकडे खरेपणाने पाहता यावं अशी पवित्र आत्म्याला विनंती करायची. नंतरची चार मिनिटं दिवसाची उजळणी. एक मिनिट क्षमायाचना. उरलेली दोन मिनिटं उद्यासाठी: उद्या कोण भेटणार, कुठे घसरायला होईल आणि तिथे आपण काय करणार.

बहुतेकांची उजळणी फसते, कारण ते आज्ञांच्या क्रमाने जातात. खून केला नाही, चोरी केली नाही, व्यभिचार केला नाही, आणि दीड मिनिटात तपासणी संपते. रोजच्यासाठी माणसांच्या क्रमाने जा. सकाळपासून कोण कोण भेटलं? बायको किंवा नवरा, मुलं, सासू, कामवाली, लोकलमधला शेजारी, साहेब, हाताखालचा माणूस, भाजीवाली. प्रत्येकापाशी क्षणभर थांबायचं. समजा, संध्याकाळी मुलगा गणिताचा पेपर दाखवायला आला आणि तुम्ही मोबाइलवरून मान वर न करता ‘ठेव तिथे’ म्हणालात. एकही आज्ञा उघडपणे मोडली नाही. पण मुलगा किती वेळ उभा राहिला, मग पेपर घेऊन परत गेला का, आणि तुम्ही तेव्हा स्क्रीनवर काय पाहत होता, एवढं आठवलं की त्या दिवसाची खरी नोंद सापडते. मिस्सेच्या (देवळातल्या मुख्य उपासनेच्या) सुरुवातीला आपण विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीने कर्तव्यात केलेली कसूरही कबूल करतो. ती कसूर अशीच सापडते.

आज्ञांच्या क्रमाने तपासणी करायची ती महिन्यातून एकदा, पापनिवेदनाच्या आधी. त्यासाठी छापील यादी घेत असाल तर ती कॅथलिक आहे ना ते बघा. अनेक प्रॉटेस्टंट प्रकाशनांत आज्ञांचे क्रमांक वेगळे असतात. आपल्याकडे चोरीची आज्ञा सातवी, तिथे आठवी. फादरांना नुसतं ‘सातवी आज्ञा मोडली’ म्हणालात तर भलताच अर्थ निघेल.

काहींची अडचण उलटी असते. झालेल्या पापाची कबुली देऊनही ते पुन्हा पुन्हा तेच उकरतात, साध्या विचारालाही पाप मानतात, रात्र रात्र तळमळतात. अशांनी दहा मिनिटांची मर्यादा कडक पाळावी, एकच कबुलीगुरू (कबुली ऐकणारा फादर) धरावा आणि तो ‘हे पुन्हा सांगायचं नाही’ म्हणाला की तिथे थांबावं. त्याचं ऐकणं हेच त्यांच्यासाठी औषध आहे. हात धुणं, मोजणं, तपासणं असंही सोबत चालू असेल तर डॉक्टरांना दाखवायला लाजू नये.

एका वेळी एकच खोड

सगळे दोष एकदम सुधारायचा संकल्प राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळ सुरू होताना, होतो आणि दुसऱ्या आठवड्यात विरतो. इग्नेशियस यांची दुसरी पद्धत इथे कामी येते. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याबद्दल निश्चय करायचा, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर किती वेळा घसरलो ते मोजायचं. त्यांनी आठवड्यातल्या प्रत्येक दिवसासाठी दोन-दोन रेघा आखून त्यावर ठिपके द्यायला सांगितलं आहे: वरची रेघ दुपारची, खालची रात्रीची. खिशातली छोटी डायरी पुरते. आज आणि काल, हा आठवडा आणि गेला आठवडा अशी तुलना करायची.

दोष निवडताना ‘राग’ असं लिहू नका, ते मोजता येत नाही. ‘मुलावर आवाज चढवणं’ असं लिहा. ‘खोटेपणा’ ऐवजी ‘निघालो नसताना फोनवर निघालो म्हणणं’. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. तुम्ही बिघडत चालला आहात म्हणून नाही, तर आजवर लक्षातच न आलेलं आता दिसायला लागतं म्हणून. याच ठिकाणी पुष्कळजण डायरी ठेवून देतात. महिनाभर तरी सोडू नका, आणि त्या खोडीच्या जागी काय करायचं तेही ठरवा: आवाज चढणार असं वाटलं की आधी खोलीबाहेर जाऊन पाणी प्यायचं, मग बोलायचं.

गंभीर पाप आणि कम्युनियनची रांग

पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर असणं, ती गंभीर आहे याचं पूर्ण भान असणं आणि मनापासून दिलेली संमती. यातलं एक जरी नसलं तरी ते गंभीर (मरणप्राय) पाप होत नाही. झोपेत, भीतीने, जडलेल्या सवयीच्या जोराने झालेलं मोजताना हे लक्षात ठेवावं. मात्र स्वतःला सोडवण्यासाठी या तीन अटींची पळवाट करू नये. ‘गंभीर आहे हे माहीत नव्हतं’ असं तोच म्हणू शकतो, ज्याने माहीत करून घ्यायचं जाणूनबुजून टाळलेलं नाही.

गंभीर पापाची जाणीव असताना, पापनिवेदन केल्याशिवाय ख्रिस्तशरीर स्वीकारू नये, असा धर्मसभेचा नियम आहे. अपवाद गंभीर कारणासाठी आणि पापनिवेदनाची संधीच नसेल तेव्हाचा, आणि तोही पूर्ण पश्चात्तापाने व लवकरात लवकर पापनिवेदन करायच्या निश्चयाने. व्यवहारात अडचण येते ती रांगेची. बाकातले सगळे उठतात, एकटं बसून राहिलं तर लोक काय म्हणतील या धास्तीने माणूस पुढे जातो. म्हणून घरच्यांनी एक शिस्त पाळावी: कोण उठलं, कोण बसून राहिलं याबद्दल कुणी कुणाला कधीही विचारायचं नाही. आईने मुलीला तर नाहीच नाही. ही चौकशी थांबली की पुष्कळ घरांत पापनिवेदन पुन्हा सुरू होईल. कम्युनियनआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना ही अट नाही.

पापनिवेदन नेमकं करायचं म्हणजे

वर्षातून एकदा गंभीर पापांचं निवेदन बंधनकारक आहे. ती किमान मर्यादा झाली. महिन्यातून एकदा ही चांगली सवय. नाताळ आणि पवित्र आठवड्याच्या तोंडावर रांगा लांब असतात, फादर दमलेले असतात, मागचा माणूस खोकत असतो. एरवीचा कुठलाही आठवडा गाठा. जमीन, पैसा, लग्न असा गुंतागुंतीचा प्रश्न असेल तर मिस्सेच्या आधी पाच मिनिटांत उरकायला जाऊ नका, फादरांकडे वेगळी वेळ मागा.

आधी शेवटचं पापनिवेदन कधी झालं ते सांगायचं. मग गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह. ‘फादर, राग येतो’ यावरून त्यांना काहीच कळत नाही. ‘आठवड्यातून दोन-तीनदा म्हाताऱ्या सासऱ्यांवर ओरडतो, गेल्या महिन्यात एकदा त्यांच्या हातातलं ताट हिसकावून घेतलं’ हे निवेदन झालं. संख्या आठवत नसेल तर अंदाजे सांगा. पुरावे, कारणं, ‘तिनेच सुरुवात केली’ हे सगळं गाळा. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका. नवऱ्याची पापं सांगायला नवरा स्वतः येईल. एखादं पाप खरोखर विसरलं तर त्याचीही क्षमा झालेली असते, पुढच्या वेळी आठवणीने सांगायचं. मुद्दाम लपवलं तर सगळंच निवेदन फुकट जातं. फादर त्यातलं एक अक्षरही कुठल्याही कारणासाठी, कुणालाही सांगू शकत नाहीत. पोलिसांना नाही, तुमच्या आईला नाही.

आणि उठायच्या आधी एक प्रश्न विचारायची सवय लावा: ‘फादर, यातलं काय मला भरून द्यावं लागेल?’

पैशाची भरपाई

नियम साधा आहे. ज्याचं गेलं त्यालाच परत. तो वारला असेल तर त्याच्या वारसांना. मालक कोण हे प्रयत्न करूनही कळत नसेल तरच गरिबांना. स्वतःकडे ठेवणं कुठल्याही परिस्थितीत बसत नाही.

सर्रास होणारी गफलत इथे आहे. ऑफिसातून खोटी वैद्यकीय बिलं लावून पैसे उचललेला माणूस तेवढी रक्कम, कधी कधी दुप्पटही, देवळाच्या देणगीपेटीत टाकतो आणि मोकळा झाल्यासारखं समजतो. मालक माहीत आहे. तो म्हणजे कंपनी. पेटीत टाकलेले पैसे चांगल्या कामाला लागतील, पण देणं फिटलेलं नाही. ते कंपनीकडेच गेले पाहिजेत. पुढची खरी बिलं न लावता तेवढी रक्कम सोडून देणं हा एक मार्ग आहे, कारण त्यातून पैसा योग्य जागी वळतो. वीजमीटरमध्ये फेरफार केली असेल तर देणं वीजकंपनीचं. मित्राचं उधार ‘तो विसरला असेल’ म्हणून बुडवलं असेल तर मित्राचं.

स्वतःचं नाव उघड करून पैसे द्यावेच लागतात असं नाही. नोकरी जाईल, घर उघड्यावर पडेल अशी भीती असेल तर निनावी किंवा कबुलीगुरूंच्या हातून परत करता येतात. एकदम जमत नसेल तर हप्त्याने. फक्त आकडा कागदावर मांडा: कधीपासून, दरमहा किती, एकूण किती. आकडा न मांडता ‘जमेल तसं देईन’ म्हणणारा बहुधा काहीच देत नाही. जक्कय या जकातदाराने लूकच्या शुभवर्तमानात (१९:८) चौपट द्यायची तयारी दाखवली. तेवढं तुमच्याकडून कुणी मागत नाही. घेतलेलं आणि त्यामुळे झालेलं नुकसान एवढं भरून द्यायचं आहे.

बाजारात भाजी, फुलं, केळी विकताना मापात मारलं असेल तर? शेकडो गिऱ्हाइकं, नावं कुणाची माहीत? त्याच बाजारात, त्याच गिऱ्हाइकांच्या पारड्यात पुढचे काही महिने थोडं जास्त घालायचं, आणि जे कायमचे निघून गेले त्यांच्या वाट्याचं गरिबांना. वजनकाटा आधी दुरुस्त करायचा, हे सांगायला नको.

मजुरी हा आपल्याकडे दुखरा विषय आहे. वसईच्या बागायतीत, वाड्यांमध्ये वारली आणि कातकरी मजूर पिढ्यान् पिढ्या राबत आले आहेत. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ राहू देऊ नये, असं लेवीय पुस्तक (१९:१३) सांगतं. अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असं याकोबाच्या पत्रात (५:४) आहे. रोजंदारीवरच्या माणसाला त्याच संध्याकाळी पैसे द्यावेत. ‘सुट्टे नाहीत, उद्या ये’ ही मजुरी अडवणंच झालं. सकाळीच सुट्टे आणून ठेवा. घरकामाच्या बाईला ठरलेल्या तारखेला, हातात, न मागता पगार द्या. आपण आठवडाभर बाहेरगावी गेलो म्हणून तिचा पगार कापू नये. सुट्टी आपण घेतली, तिने नाही. आणि ‘तिनेच एवढ्याला हो म्हटलं’ यावर विसंबू नका. दोघांची संमती आहे एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही, असं कॅटेकिझमचा २४३४वा परिच्छेद स्पष्ट सांगतो. आजूबाजूला काय दर चालू आहे ते विचारा, तिचं घर त्यात चालतं का तेही विचारा. मागे कमी दिलं असेल तर फरक काढा आणि द्या.

कुणाचं नाव बिघडवलं असेल तर

तीन वेगळी पापं आहेत, आणि तिघांची दुरुस्ती वेगळी. पुरेसं कारण नसताना मनातल्या मनात कुणाला दोषी धरणं हे पहिलं. त्याला भरपाई लागत नाही, मत बदलणं लागतं. दुसऱ्याचा खरा पण झाकलेला दोष योग्य कारणाशिवाय उघड करणं हे दुसरं, ज्याला आपण चहाडी म्हणतो. खोटं सांगून बदनामी करणं हे तिसरं.

खोटं सांगितलं असेल तर ज्यांना सांगितलं त्यांनाच, तेवढ्याच स्पष्टपणे सांगायचं की ते खोटं होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं असेल तर मेसेज नुसता पुसून भागत नाही. लोकांनी वाचलेला असतो, पुढे पाठवलेला असतो. त्याच ग्रुपवर लिहा: ‘काल मी अमुक व्यक्तीबद्दल टाकलेली माहिती खोटी होती. खात्री न करता टाकली, चूक माझी आहे. कुणी पुढे पाठवली असेल तर तिथेही हे कळवा.’ एवढंच. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे वाक्य घालू नका. त्यात कबुली नाही.

दोष खरा असेल तर दुरुस्ती जास्त अवघड. ‘मी खोटं बोललो’ म्हणता येत नाही, ते नवीन खोटं होईल. मग ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर हे सांगणं माझं काम नव्हतं म्हणा, विषय पुन्हा निघाला की थांबवा, आणि त्या माणसाचं जे खरोखर चांगलं आहे ते आवर्जून बोला. त्याच्याकडे जाऊन माफी मागायची का? त्याला आधीच कळलं असेल तर मागा. कळलेलंच नसेल तर तुमची माफी ही त्याला नवीन जखम ठरू शकते. आधी फादरांना विचारा.

लग्नाच्या चौकशीचा प्रश्न नेहमी येतो. मुलीचे वडील विचारतात, मुलगा कसा आहे? तो दारू पिऊन हात उगारतो हे तुम्हाला खात्रीने माहीत असेल तर त्यांना सांगणं चहाडी नाही, त्यांना ते कळायलाच हवं. पण तेवढंच, त्यांनाच, आणि फक्त स्वतः पाहिलेलं. ‘मी ऐकलंय’ यावर कुणाचं लग्न मोडू नये.

बहिणीचा हिस्सा

वसई-विरार पट्ट्यात जमिनीचे भाव चढले तसा हा विषय पेटत गेला. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता वडील वारले तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींत सारखं. म्हणजे तीस गुंठे पूर्णपणे वडिलांच्याच मालकीचे असतील आणि मागे आई, दोन मुलगे व दोन मुली असतील, तर आईचे दहा गुंठे आणि चौघांचे प्रत्येकी पाच. मुलीच्या लग्नात खर्च केला म्हणून तिचे पाच कमी होत नाहीत. सातबाऱ्यावर नाव चढलं नाही म्हणूनही नाहीत. (गोव्यात स्वतंत्र नागरी कायदा आहे, तिथला हिशेब वेगळा.)

बहीण आपल्या खुशीने हक्क सोडू शकते. पण तिची खुशी खरी आहे का, हे तपासायला हवं. सातबारा आणि आठ-अ उतारा तिच्या हातात द्या. तिच्या हिश्श्याची आजची किंमत रुपयांत सांगा; ‘थोडीशी जागा’ असं म्हणू नका. कागद तिच्या घरी पाठवा, तिच्या पसंतीच्या वकिलाला दाखवू द्या, महिनाभर थांबा. आणि स्वतःला विचारा, ती नाही म्हणाली तर माहेरी तिचं येणंजाणं आधीसारखं राहील का? या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती सही खुशीची नाही. आईच्या वर्षश्राद्धाची मिस्सा उरकून, सगळे जेवायला बसायच्या घाईत, ‘ताई, इथे एक सही कर, नाव कमी करायचंय फक्त’ म्हणून घेतलेली सही सातव्या आज्ञेत मोडते. मग ते हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे कितीही रीतसर नोंदवलेलं असो.

अशी सही आधीच झाली असेल तर तिच्याकडे जा, कागद काय होता ते समजावून सांगा आणि हिस्सा द्यायची तयारी दाखवा. जमीन विकली गेली असेल तर विक्रीच्या पैशातला तिचा वाटा. तिने सगळं कळल्यावर ‘असू दे’ म्हटलं तर तुम्ही मोकळे. बांधाचा वाद असेल तर आठवणीवर भांडू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि मोजणी निघेल ती मान्य करा, ती तुमच्याविरुद्ध गेली तरी.

आईवडिलांनी वेळेत मृत्युपत्र केलं तर निम्मे वाद होणारच नाहीत. दोन साक्षीदार लागतात. बाकीच्या मुलांना वगळून एकाच्याच नावे सगळं करायचं असेल तर कायदा अडवत नाही, पण का, ते सगळ्यांना आधी सांगा.

बोलणं बंद असेल तर

वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असं येशू सांगतो (मत्तय ५:२३-२४). नीट वाचलं तर इथे आपल्या मनातल्या रागाबद्दल नाही, त्याच्या मनातल्या रागाबद्दल सांगितलं आहे. म्हणजे ‘माझ्या मनात काही नाही’ म्हणून भागत नाही. त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिला आहे: आधी एकट्याने भेटायचं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. आपण उलट करतो. आधी नातेवाइकांत सांगतो, शेवटी त्याला भेटतो.

पहिल्या भेटीत जुना वाद पुन्हा मांडू नका. स्वतःची चूक एका वाक्यात, मग घरच्यांची विचारपूस, मग उठा. क्षमा केली म्हणून कोर्टातला न्याय्य दावा सोडावा लागत नाही. आणि मारणाऱ्या नवऱ्याला क्षमा करणं म्हणजे त्याच्याबरोबर राहणं नव्हे. जोडीदारापासून जिवाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला धर्मसभेचा कायदाच मुभा देतो. ‘सहन कर, क्रूस आहे’ असा सल्ला अशा बाईला कुणी देऊ नये.

शुक्रवार, रविवार

मांस वर्ज्य करण्याचा नियम वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो. उपवासाचा अठरा पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी दोन्ही. इतर शुक्रवारांबद्दल आपल्या धर्मप्रांताच्या सूचना पाहा. मटण सोडून पापलेटवर ताव मारला तर नियम पाळला जातो, प्रायश्चित्त होत नाही. शुक्रवारचं जेवण साधं ठेवा आणि वाचलेले पैसे त्याच दिवशी डब्यात टाका.

रविवारची मिस्सा शनिवारी संध्याकाळी घेतली तरी चालते. शिफ्टवाल्यांनी ते आधीच ठरवावं. आपण मिस्सेला जातो तेव्हा घरची कामवाली रविवारी कुणाची भांडी घासते, तेही पाहावं.

मुलांना शिकवताना

मूल शाळेतून दुसऱ्याची पेन्सिल घेऊन आलं तर ओरडण्यात वेळ घालवू नका, आणि आपणच ती गुपचूप परत करू नका. कुणाची आहे ते विचारा. दुसऱ्या दिवशी मुलाने स्वतः नेऊन द्यायची आणि ‘मी घेतली होती’ एवढं म्हणायचं. घरी एकदा म्हणून पाहू द्या. शिक्षकांसमोर किंवा वर्गासमोर उभं करू नका, परत देणं पुरे आहे. पेन्सिल तोवर तासून संपली असेल तर नवी आणायची, आणि पैसे मुलाच्या खाऊच्या पैशांतून.